पिल्लांच्या शेडमध्ये बिअरच्या बाटल्या फुटल्याबाबत

मी, सौ. वृषाली गोरख ढोबळे, वय ३६ वर्षे, धंदा कोंबडीपालन, रा. पारगाव, ता. आंबेगाव, जि. पुणे. ठाण्यात स्वतः हजर राहून, विचारल्यावरून सांगते की,

वरील पत्त्यावर मी, माझे पती गोरख व धाकटे दीर अमृत असे एकत्र राहतो. घरामागे पत्र्याची शेड आहे. शेड माझी आहे. म्हणजे जागा घरची, पण तूस पसरण्यापासून पाणी भरण्यापर्यंत सगळं मीच करते. या आठवड्यात नुकतीच निघालेली पिल्लं आणून बल्बच्या उबेला ठेवली होती. मागच्या दोन्ही बॅच रोगाने गेल्या. हीही गेली तर शेड बंद करायची, असं घरात ठरलेलं होतं.

अमृतभाऊजी पुण्याला एका हॉटेलात कामाला होते. तिथून बिअर करायला शिकून आले. परवाना नाही, हे घरात सर्वांना ठाऊक होतं. डिंभ्याकडच्या एका रिसॉर्टवाल्याला त्यांनी शनिवारी चवीला बाटल्या आणतो म्हणून शब्द दिला. बाटल्या भरल्यावर बिअरमध्ये गॅस धरायला दोन-तीन आठवडे जातात, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. पण शब्द आधी दिला आणि बाटल्या नंतर भरल्या. मग घाई. साखर जास्त झाली की गॅस जास्त होतो, म्हणून बाटलीत ती मोजून टाकायची, तिथे यांनी गुऱ्हाळातली काकवी अंदाजाने ओतली, झाकणं घट्ट दाबली आणि क्रेट उचलून माझ्या पिल्लांच्या बल्बखाली आणून ठेवले.

मी म्हणाले, "भाऊजी, हितं नका ठेवू." ते म्हणाले, "वैनी, दोनच दिस. उबंला ग्यास लवकर धरतो. पिल्लांना काय त्रास हाय त्याचा?" मी पतींना सांगितलं. ते मोबाइल बघत म्हणाले, "ठेवू दे की. तुझं लई असतं."

गुरुवारी दिवस मावळताना मोठा आवाज झाला. मी भाकरी करत होते. शेजारी भगवंत लोंढे, ज्यांना आम्ही नाना म्हणतो, त्यांच्या उसात बिबट्याचा वावर आहे. बिबट्या वस्तीकडे फिरकू नये म्हणून ते रोज मावळतीला फटाका लावतात. मला वाटलं, नानाच. परत एक आवाज झाला, लगेच आणखी. तरी मी तव्यावरची भाकरी उलटली. माझा राग त्या भाकरीवरसुद्धा आहे.

शेडमध्ये गेले तेव्हा सगळीकडे काचा, तूस भिजलेलं, बल्ब फुटलेले. पिल्लं घाबरली की एका कोपऱ्यात एकमेकांच्या अंगावर चढतात आणि खालची गुदमरतात. वरची उचलली, तर खालची गार पडली होती. किती मेली ते मी मोजलं नाही. इथल्या साहेबांनी पुन्हा विचारलं, तरी माझं उत्तर तेच आहे.

त्यानंतर पतींनी मला न विचारता तक्रार दिली की, नानांनी शेडवर फटाके टाकले. मी जाब विचारला तर म्हणाले, "आम्रूतचं नाव आलं तर केस व्हईल. नाना म्हातारं माणूस, त्यास्नी कोण काय करतंय? तू फकस्त फटाकं म्हण." नाना सकाळपासून इथे बाकावर बसून आहेत. काचा वेचायला सगळ्यांच्या आधी तेच आले होते. त्यांच्या बोटाला चिंधी बांधलेली आहे, ती त्यामुळेच.

नानांनी काहीही केलेलं नाही. बाटल्या माझ्या दिरांनी ठेवल्या व पतींनी ठेवू दिल्या. मला फार संताप आलेला आहे, तो तसाच लिहून घ्यावा.

हा जबाब हवालदार मॅडमनी मला वाचून दाखवला. मी सांगितला तसाच उतरला आहे. पतींना आत बोलावून ऐकवा म्हटलं, तर ते गाडी घेऊन निघून गेल्याचं कळलं. नानांना सोडल्यावर मी त्यांच्या गाडीवर मागे बसून घरी जाणार आहे. बाहेरच्या रस्त्याने नाही, गावातून.

सही/-
सौ. वृषाली गोरख ढोबळे