बाबांच्या हाताच्या मापाचं दार

हॅलो?

हं, बोल ताई… नाही, मोकळाच आहे. म्हणजे मोकळा नाहीये, पण बोल.

बाबा? बाबा… आंघोळीला गेलेत.

हो, गोळी दिली. नाश्ता झाला, बीपी बघितलं… एकशे तीसवर ऐंशी. लिहिलंय गं, तुझ्याच वहीत लिहिलंय, चौकटी आखून. वॉर्डाच्या सिस्टरपुढे न लिहायची कोणाची टाप आहे!

कसला आवाज? पंखा आहे.

बरं बाई, पंखा नाही. खाली पार्किंगमध्ये आहे मी, गाडीपाशी. हो, तेच चाललंय, दाराचं पॅनल… अगं झालं की! मूळच्या पॅनलवर फॉइल चिकटवलं, मेण चोळलं, वर फायबरचे तीन थर चढवले. काल खडखडीत वाळलं. आज दाराला बसवलंसुद्धा.

हो, अजून खाजतंय. कोपरापर्यंत. तो फायबरचा चुरा कातडीतून निघता निघत नाही.

हसू नकोस. बँकेच्या खिडकीत बसून खराखरा खाजवतो मी. लोक शेजारच्या रांगेत जाऊन उभे राहतात.

कोण बोललं? कोणी नाही… शेजारचे असतील.

एक सेकंद हं… बाबा, हलू नका! दोनच मिनिटं राहिलीत!

…हं.

नाहीयेत. आंघोळीला नाहीयेत. गाडीत बसलेत.

चाकांच्या खुर्चीवरून लिफ्टने आणलं. मीच उचलून सीटवर बसवलं… अगं ऐक ना. ताई, ऐक ना आधी! तुला विचारलं असतं तर तू आणू दिलं असतंस का?

तेच म्हणतोय मी.

अर्धांगाचा झटका येऊन आठ महिने झाले, घराबाहेर पडलेत का ते? का नाही पडले, सांग. गाडीचं दार दुसऱ्याने लावलेलं सहन होत नाही त्यांना. पस्तीस वर्षं लोकांच्या गाड्यांची दारं ठोकून सरळ केली ह्या माणसाने. ‘माझं दार मला लावता येत नसेल तर मी घरीच बरा,’ तुझ्यासमोर म्हणाले ना? तू डोळे पुसत आत निघून गेलीस. मी फायबर आणायला गेलो.

हो, हो… माहितीये डाव्या हाताची बोटं सरळ होत नाहीत. पण खांद्यातून हात मागे येतो की नाही? मग? त्या वळलेल्या बोटांच्या मापाची खाच केली दाराला, तर बोटं अडकवायची, खांदा मागे घ्यायचा, झालं. असलं हँडल दुकानात मिळत नाही ताई. त्यांच्याच हाताचा ठसा घ्यावा लागतो.

कशात म्हणजे… गाडीचे पोचे भरायच्या पुट्टीत.

हो. आत्ता.

ओरडू नकोस! ग्लोव्ह घातलाय त्यांना, वरून मेण लावलंय. चार मिनिटं हात दाबून धरायचा, पुट्टी आवळायला लागली की काढून घ्यायचा. व्हिडिओत बघितलंय मी. एकदा नाही, बारा वेळा बघितलंय!

होते ना गरम, घट्ट व्हायला हार्डनर घातला की होतेच. कोमट. त्यात काय…

थांब.

थांब ताई. मला चटका बसला.

पुट्टीला बोट लावलं नुसतं. बाबा, हात काढा. बाबा, हात बाहेर घ्या पटकन!

निघत नाहीये. बोटं आत वळलेली आहेत ना, अडकलीत. आवळली गं पुट्टी, एवढ्यात कशी आवळली? वाटाण्याएवढाच लाल हार्डनर घातला होता मी. मोजून घातला होता!

बाबा, तुम्ही काही केलंत का?

बाबा, माझ्याकडे बघा. केलंत का काही?

ताई, ह्यांनी पण घातला. मी ग्लोव्ह आणायला वळलो, तेवढ्यात उजव्या हाताने ट्यूब पिळली आणि पातं फिरवून कालवलंसुद्धा! म्हणे आज गारठा आहे, तुझ्या मापाने संध्याकाळपर्यंत वाळली नसती. मला जास्त गुलाबी दिसली होती पुट्टी, वाटलं ट्यूबलाइटमुळे दिसतेय…

मला का नाही सांगितलंत?

‘सांगितलं असतं तर तू घालू दिलं असतंस का?’ म्हणतायत.

हो, कोणावर गेलोय ते कळलं. नंतर बोल मला काय बोलायचंय ते. आता काय करू?

पाणी. हो, बादली आहे… बर्फ नको? बरं, बर्फ नाही. थांब, तुला स्पीकरवर टाकून टपावर ठेवतो. ऐकू येतंय? ओततोय. बोल तू, बोलत राहा.

वाफ निघतेय गं.

पॅनलच सोडवलं असतं, पण मोठा स्क्रू खाचेच्या बरोब्बर मागे आहे. मीच मारला. हो, अक्कल गहाण टाकली होती, मान्य!

ते काय सांगणार, दुखतंय की नाही! कळतंय कुठे त्यांना त्या हातात? मंगळवारी घरी येऊन फिजिओथेरपीच्या मॅडमनी टाचण्या टोचल्या, तर दुसऱ्या कोणाचा हात असल्यासारखे बघत बसले होते. तीच तर भीती आहे ना! हात शिजून निघेल आणि हा माणूस मला पुट्टी कालवायला शिकवत बसेल. मी घाबरलोय ताई. खरंच घाबरलोय. हात गेला तर मी काय करू?

काय बाबा? … कटर?

म्हणतायत आतली पुट्टी अजून रबरासारखी आहे, करंगळीच्या बाजूने काप. म्हणे मिनिटभरात दगड होईल.

कापतोय. हो बाबा, तिरका धरलाय… हो, वरून खाली… बाबा, शिव्या नका देऊ, ताई ऐकतेय!

ताई, ‘तिला सगळ्या पाठ आहेत’ म्हणतायत.

थोडंच राहिलंय. एवढा कोपरा निघाला की…

काय झालं? बाबा! लागलं का? कापलं मी?

ऐकलंस? तू ऐकलंस ना आत्ता?

मी नाही ओरडलो. बाबा ओरडले.

नाही, रक्त नाहीये. कटर हातात आहे माझ्या, कोरडा आहे. बाबा, मग काय झालं? नीट सांगा.

ताई… भाजतंय म्हणतायत.

भाजतंय म्हणतायत गं!

उजवा नाही, उजव्याने माझा शर्ट धरलाय. डावा. अडकलेला. थांब, परत विचारतो. बाबा, कुठे भाजतंय? नक्की कुठे?

करंगळी. आणि तिच्या शेजारचं बोट. दोनच. बाकीच्यांत काही नाही, पण ह्या दोन बोटांत आग होतेय म्हणतायत. ‘आग होतेय रे गाढवा, काढ लवकर.’

काढतोय बाबा, काढतोय… ओढतो हं. एक, दोन…

निघाला. ताई, हात निघाला!

लाल झालाय. करंगळीवर फोड येतोय… नाही, फोडत नाही. ग्लोव्ह कापून काढला. पाण्यात धरलाय. वीस मिनिटं, बरं. मग दवाखान्यात नेतो, हो, लगेच नेतो. तू मॅडमना फोन कर. करंगळी आणि शेजारचं बोट, असंच सांग. त्या विश्वास नाही ठेवणार.

रडू नकोस ना. अगं, तू नर्स ना? मग? … मी नाही रडत. त्या पुट्टीचा वास डोळ्यांत जातो.

बरं, रडतोय. झालं समाधान?

ते? ते वाकून खाच बघतायत. बरी आलीय म्हणतायत. ‘कापलेली बाजू भरून घे आणि हार्डनर मी घालीन,’ म्हणतायत. नाही बाबा. अजिबात नाही. ट्यूब आता ताईच्या कपाटात राहणार.

काय म्हणालात?

…हो. हो, देतो ना.

ताई, ठेवतो मी. पाण्यातला हात पुढे केलाय त्यांनी. फुंकर घाल म्हणतायत.