शोभेचं छप्पर

बांधकाम परवान्याच्या रांगेत रुचिता स्वतःच्या घराचा अर्ज भरून उभी होती. तिच्या पुढे मासळी विकणाऱ्या पारूमावशी आणि त्यांच्या आळीतले निवृत्त सावेसर बोलत होते.

"नवा नियम झकास आहे, पारूबाई. रस्त्यालगतच्या प्रत्येक घराला दर्शनी बाजूला उतरती कौलं. पालघरला कसं जुनं रूप येईल."

"माज्या घराला कौलंच होती, सर. स्लॅब घाल तरच मंजुरी, असं हितंच बोलले. मंग उतरवली."

"आता स्लॅबवर प्लास्टिकची लावा. अगदी खरी वाटतात."

"पानी अडवतील?"

"पाण्याला स्लॅब आहे ना."

"आनि बोंबील कुठं सुकवू? आता गच्चीवर सुकवते."

"बोंबील रस्त्यावरून दिसले तर रूपाचं काय राहिलं?"

"खरं हाय. कोळणीचं घर दिसाया पायजे, कोळीण नको."

सर चष्मा पुसू लागले. पारूमावशींनी मागे वळून अर्ज रुचितापुढे धरला.

"एवढा रकाना भर गो. काय लिवलंय?"

"छपराचा उपयोग."

"लिव, बघायला."

रुचिताने तसंच लिहिलं. मग स्वतःच्या अर्जातलं 'ऊन-पावसापासून निवारा' खोडून तिथेही तेच लिहिलं.