कोरडे लंगोट

— सूज कुठली जी, इंदूबाई? भरलेलं अंग आहे पोरीचं. तुम्ही तिच्या घोट्यावर बोट दाबलं ते पाहिलं मी — खड्डा पडला म्हणून काय झालं, तुम्ही खापरखेड्याहून येणार म्हणून सकाळपासून चुलीपाशी उभी आहे ती. उभ्या माणसाचे पाय नाही का भरत? माह्ये भरतात. बसा ना, आत्ताच कुठं उठून राहिल्या — पोहे घेऊन येते ती. मीठ कमी वाटलं तं वरून घ्या, आमच्या सुभद्रेचा हात मिठाले आखूड आहे. कायले म्हणजे? सवय आहे. अळणीच खाते ती. बरंच आहे ना तुम्हाले — जे ताटात पडलं ते गिळते, कुरकुर नाही.

तिची माय? कौशल्या कुहीले गेली, भावाकडं. मीच धाडलं. ती असती तं पदर तोंडाले लावून बसली असती, अन् पाहाले आलेल्या माणसाले वाटलं असतं, या घरात कोणी मेलं का काय. आजीनं ठरवलं अन् बापानं मान हलवली का झालं. महादेव माह्या शब्दाबाहेर नाही — नोकरी करतो, चार माणसांत बसतो, पण घरात ही बायजाबाई म्हणन ते.

स्वभाव विचारता तं जन्मापासूनचा सांगते. अशी पोर पाहिली नसन तुम्ही. नवतप्यात झाली ही, मे महिन्याच्या ऐन उन्हात. नागपूरचा नवतपा काय असते तुम्हाले सांगाची गरज नाही — छपराच्या कवेलूवर पापड भाजावा. तरी मी बाळंतिणीच्या खोलीची खिडकी कांबळं लावून बंद केली, खाटेखाली शेगडी ठेवली, ओव्याची धुरी दिली — माह्या सासूनं माह्यं केलं तसंच, रतीभर कमी नाही. पहिलं पिवळं दूध पिळून टाकाले लावलं. आमच्यात तीन दिवस लेकराले ते देतच नाही, वाईट असते, पोटात खडा होते त्याचा. गुळाच्या पाण्याचं बोट चोखवलं, बस. अन् कशी गुणाची — पहिल्या दिवशी एक लंगोट ओला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. सगळे कोरडे, घडी घातल्यासारखे. मी आयाबायांले बोलावून दाखवले — म्हटलं पाहा, पोरगी झाली पण पहिल्या दिवसापासून घरचं धुणं वाचवून राहिली. रडतही नव्हती, नुसती मांजरीच्या पिल्लासारखी कुईकुई करे. कौशल्या म्हणे, आत्याबाई, हिचे ओठ सुकले, मले पाजू द्या, माह्यं लुगडं भिजून राहिलं. म्हटलं भिजू दे. पोरीची जात आहे, अशी वाळत नाही.

मंग काय? मंग तिसऱ्या दिवशी डोळे फिरवले तिनं. उन्हानं. कौशल्याचा भाऊ बारशाचं विचाराले आला होता, त्यानं मले न विचारता उचललं अन् रिक्शात घालून दवाखान्यात नेलं. तिथं सुईनं पाणी चढवलं. मोठ्या मुश्किलीनं लघवी झाली ती म्हणे विटेच्या रंगाची. पण झाली ना? घरी आली, दूध पेली, मोठी झाली. आता पाण्याचे तांबेच्या तांबे पिते, तो भाग वेगळा. डोकं धरते कधी कधी. कपाळाले फडकं बांधून पडते अन् थोड्या वेळानं उठून भांडे घासते, असं नाही का कोणाले तिच्या हातचं काम घ्यावं लागते.

गोळ्या? कोणत्या गोळ्या? त्या फडताळातल्या — त्या माह्या आहेत. तुमची नजर मोठी तेज आहे, बाप्पा. बरं, तिच्याच आहेत. बीपीच्या. मागं चक्कर येऊन पडली, तं महादेवनं अन् मी तिले मोठ्या डॉक्टरकडं नेलं. त्यानं तिले बाहेर बाकावर बसवलं अन् आम्हाले विचारते — जन्मताना काही झालं होतं का, लेकरू लघवीविना राहिलं होतं का? म्हणे हिचे गुर्दे — किडनी म्हणतात ते — तेव्हाच मार खाल्लेले आहेत, पाण्याविना वाळले, त्याचं आता निघून राहिलं. मी म्हटलं, नाही साहेब, गुणाची होती, काही त्रास नाही दिला. महादेव माह्याकडं पाहे. म्हटलं खाली पाह्य. आमच्या घरात लेकराले कधी पाजलं ते त्या परक्या माणसाले मी कायले सांगू?

नातू? होईन ना नातू, काहून नाही होणार? डॉक्टर तं बोलतातच. म्हणे लग्न करा, पण दिवस जाऊ देऊ नका, गुर्दे बसतील, बाळंतपणात पोरगी हाती लागणार नाही — आता निघालं तोंडातून तं निघालं. पण नीट ऐका, इंदूबाई. पोरगी जाईन म्हणे तो. नातू जाईन असं नाही म्हटलं. तुम्हाले काय पाहिजे?

अशा काय पाहता माह्याकडं? तुमच्या लेकाची, मनोहरची पहिली बायको बाळंतपणातच गेली. तिच्या पायालेही असेच खड्डे पडत होते, म्हणून तं तुम्हाले बोट दाबाचं सुचलं. माहीत होतं ना तुम्हाले? तरी शेवटच्या महिन्यापर्यंत गुंड भरभरून पाणी आणाले लावलंच असन तिले. लेकरूही गेलं, तिचे दिवस झाले अन् तुम्ही दुसरी पाहाले निघाल्या. म्हणूनच तं तुम्हाले निरोप धाडला मी. कोऱ्या घरची माणसं हजार प्रश्न विचारतात. तुम्ही काय विचारणार?

सुभद्रेले कोण सांगते. तिच्या मायलेही नाही सांगतलं. शेजारच्या प्रेमिलेचं लेकरू दिवसभर कडेवर घेऊन फिरते, म्हणते आजी, माह्यं लग्न कवा ठरते? म्हटलं ठरवून राहिली ना वं.

कुठं चालल्या? चपला इकडं आहेत तुमच्या. ते स्वयंपाकघर आहे, इंदूबाई — तिच्याशी काही बोलाचं नाही, सांगून ठेवते. पसंत नसन तं नाही म्हणा अन् निघा. दार काहून लावलं आतून? हे घर माह्यं आहे जी. काय कुजबुज चालली — अहो, कवळी पोर आहे ती, तिले कायले भेव घालता —

काय म्हणाली ती? जोरानं बोल वं, मले ऐकू येऊ दे. माहीत होतं? कोणं सांगतलं तुले? बाकावरून ऐकलं? अन् ऐकूनही तू रोज मले विचारून राहिली, लग्न कवा ठरते म्हणून? मरशीन हे माहीत असून? — काय? परत म्हण. इथून निघाचं होतं म्हणून? तिथं मेली तरी चालन, पण माह्या हातचं पाणी नको — असं म्हणून राहिली तू, या परक्या बाईसमोर?

बरं.

इंदूबाई, दार उघडा अन् घेऊन जा तिले. अंगावरच्या लुगड्यानिशी, आत्ताच्या आत्ता. कौशल्याले काय सांगाचं ते मी पाहीन.