हळदीतला खोकला

माझ्या खोकल्यावर डॉक्टरकडे औषध नाय, तो निडी गावच्या महादूनं दिलाय. वीस वर्षं हळदीची गाणी मी लिहितोय, महादू कंपनीत शिफ्ट करतो. नवं गाणं दाखवून त्याला उगाच म्हटलं, "काय खटकतं का बघ." तर त्यानं माझं 'नवरीला बघून चांद लाजला' खोडलं आणि वर लिहिलं, 'बाप पाठ फिरवून डोले पुसतो'.

"एवढंच, दादा. बाकी बरं हाय."

पेणच्या हळदीत बाया तीच ओळ घोळवत बसल्या. बायको हळूच विचारते, "ही तुमची नाय ना?"

तेव्हापासून गाताना बरोब्बर त्या ओळीला मला खोकला येतो. बाया थांबत नाय. ती ओळ त्या माझ्याशिवाय म्हणतात, तीही माझ्यापेक्षा सुरात.