थोरल्या आजीची टिचकी

मठात जमलेल्या सगळ्या आप्तांनो, शेजारच्या बायांनो,

माझ्याच्यानं उभ्यानं बोलवत नाही. या मठात मी आजवर टाळ धरला, तोंड उघडलं ते भजनापुरतं. पण गेली ती तुळजाक्का माझी थोरली जाऊ. तिच्याविषयी दुसऱ्यानं बोलावं नि मी खांबाआड बसावं, हे बरं दिसत नाही.

आधी तिच्या आठवणीसाठी काय काय आलं ते सांगते. घरखर्च लिहिणारीची सवय आहे, हसू नका. दारासुरमहून तिच्या भाचीनं मोगऱ्याचा हार धाडला, पैसे घेईना. पट्टीश्वरमहून नारळ आले, रिक्षाभाडं साठ रुपये. आणि परवा टपालानं एक डबी आली. तिला पैसा पडला नाही. त्या डबीसाठीच मी उभी आहे.

ही समोर बसलीय ती माझी नात, पद्मा. तुम्ही तिला काडीसारखी पाहिलीत. पोट फुगलेलं, डोळे खोल. तंजावूरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सेलिअॅक आहे, गहू हिला विष. गहू बंद करा.

तुळजाक्का फसकन हसली. "बाई, आम्ही भात खाणारी माणसं. गहू आमच्या घरी आला तर पाहुण्यासारखा येतो, चहा पिऊन जातो."

तोही पाहुणा आम्ही बंद केला. रवा नाही, शेवया नाहीत. वर्ष गेलं. पोर तशीच.

मग पुन्हा रक्त तपासलं. डॉक्टरीणबाई तमिळात म्हणाल्या, आत तुरु धरतोय. तुरु म्हणजे गंज. म्हणाल्या, गहू पोटात गेला की हिच्या आतड्याच्या अस्तरावर ठिणग्या उडतात. ठिणग्या सगळ्यांच्याच शरीरात उडतात. त्या विझवायचं सामानही शरीरापाशी असतं. हिचं सामान सरत आलंय. कुठून तरी गहू जातोच आहे.

मला अर्धंच समजलं. तुळजाक्काला पुरतं समजलं. ती मला हळूच म्हणाली, "पोर कळकली ग. आतली कल्हई उडाली."

कळकली. तुमच्या घरी पितळेची भांडी आहेत, तुम्हांस वेगळं सांगायला नको. कल्हई उडालेल्या पातेल्यात ताक ठेवलं तर काय होतं? वरून पांढरं दिसतं. खाली हिरवं धरतं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, स्वैपाकघरात आहे ते सगळं पिशवीत भरून आणा. आणलं. त्यांनी एकेक वस्तू पाहिली, बाजूला ठेवली. मग हिंगाची डबी उचलली. मागची बारीक अक्षरं मोठ्यानं वाचली. हिंग, डिंक, गव्हाचं पीठ.

गव्हाचं पीठ! आमच्या सांबारात! ज्या सांबारावर आम्ही एवढा तोरा मिरवतो!

आणि सांबार एकवेळ असू द्या. पोरीचं पोट दुखलं की तुळजाक्का काय करी? ताकात हिंग कालवी नि पाजी. आपल्यात सगळ्याच करतात. जास्त दुखलं की जास्त पाजी. पाजलं की आणखी दुखे.

परतीच्या बसमध्ये, दारासुरम मागे पडल्यावर तुळजाक्का एवढंच म्हणाली, "ज्या हातानं पाजलं, तोच हात आता राखणीला बसेल."

आणि बसला. पद्माचं पातेलं वेगळं, डाव वेगळा, चूल वेगळी. कल्हई समोर उभं राहून करून घेई. आवळा देई, शेवग्याचा पाला देई. शुद्ध हिंगही कुठून तरी टपालानं मागवी, बिनपिठाचा. पत्ता विचारला तर म्हणे, "माझ्यामागे कळेल तुला." आणि वाढण्याआधी पातेल्याच्या काठावर टिचकी मारी. कान लावी. पोरीला सांगे, "खणखणीत वाजलं तर खा. बसका आवाज आला तर हात मागे घे." मी चिडवी, "अक्का, पातेलं बोलतं का?" ती म्हणे, "तुझ्याशी नाही बोलत. तू घासताना चिंच वाचवतेस."

पोर भरू लागली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सामान परत साठतंय, पण हळू साठतंय. एक चूक झाली तर पुन्हा मागे जाईल.

मग अक्का गेली. निजली ती उठली नाही.

तेराव्याला आचारी बोलावला होता. तो भला माणूस, त्याला बोल नाही. पद्माचं अन्न अक्काच्याच पातेल्यात कर म्हणून बजावलं, त्यानं केलं. पातेलं घासून फळीवर पालथं पडलं. पानं मांडली. पद्मानं सांबारभात कालवला. घास उचलला.

आणि घास खाली ठेवला.

"काय ग?"

"थोरली आजी नको म्हणते. टिचकी वाजली. बसकी."

बायांनो, मी शपथ घेत नाही. पण तो आवाज मीही ऐकला. आचाऱ्यानंही मान वळवली. फळीपाशी कुणी नव्हतं. पितळ निवताना वाजतं, असं मी मनाला सांगितलं. मग मी आचाऱ्याला हिंगाचंच विचारलं, "पेरुंगायम कोणतं घातलंस?" त्यानं कनवटीची स्वतःची डबी काढून दाखवली. बाजारची. सवयीनं चिमूट पडली होती.

त्यानंतर पोर सांबाराला शिवत नाही. नुसता दहीभात खाते, तोही अर्धा. हाडं पुन्हा वर येऊ लागलीत. म्हणते, आजीच्या हिंगाचं कर, मग खाईन. अक्काची डबी तर खडखडीत रिकामी.

आणि परवा ही डबी आली. आजवरच्या सगळ्या डब्या तुळजाक्काच्या नावे येत. हिच्यावर पद्माचं नाव आहे. "पद्मा, थोरल्या आजीची" असं लिहिलंय. धाडणाऱ्याची बाजू भिजून शाई पसरलीय. अक्कानं जाण्याआधीच सांगून ठेवलं असेल. असेलच. दुसरं काय असणार?

डबीच्या मागे बारीक अक्षरं नाहीत. उघडली. वास तोच. पण वासावर पोरीचा जीव कसा टांगू? बाजारच्या हिंगालाही वास होताच. मी ती पातेल्याशेजारी ठेवलीय. पद्मा समोर बसून असते, कान देऊन. दोन दिवस झाले. फळी गप्प आहे.

म्हणून हात जोडते. आता आपण सगळे उभे राहू आणि तुळजाक्कासाठी थोडा वेळ शांत राहू. भजन नको, टाळ नको. त्या वेळात कुठे काही वाजलं तर कुणी दचकू नका, फक्त खणखणीत की बसकं, तेवढं ध्यानात ठेवा. आणि ज्यानं ही डबी धाडली तो इथे असो, इथल्या कुणाच्या ओळखीचा असो, वा जिथे आमची अक्का गेली तिथला असो, त्यानं नाव कळवलं नाही तरी चालेल. एका कार्डावर एकच गोष्ट लिहावी. यात पीठ आहे, की नाही. पोर उपाशी आहे. उलट टपाली कळवावं.