सतरावर पेन्सिलची खूण

—सहा अंडी. हो, अंडीच, चिप्सच्या दुकानात काउंटरवर ती बरणी असते ना, व्हिनेगरमधली, तीच. माझ्या वर्गातला डेक्या म्हणाला, ख्रिसमसच्या सुट्टीआधी तुमच्या घरातला भाडेकरू घालवून दाखव, उभ्या उभ्या सहा अंडी खातो. आणि मी हो म्हणालो. हसायचं तर हसा — नाही हसत, ठीक आहे, तुम्ही कधीच हसत नाही, तिथंच तर सगळा घोळ आहे — अहो उठताय कुठं, मिस्टर येबोआ? तुमचे कपडे आत फिरतायत, मशीन सव्वीस मिनिटं दाखवतंय, आणि ओल्या चादरी काखोटीला मारून पळणारे तुम्ही नाही. बसा. रविवारी सकाळी डॉनकास्टरमधल्या तीन लाँड्र्या पालथ्या घातल्यात मी, पायी, बसचे पैसे नाहीत म्हणून — तेव्हा ऐकावंच लागेल.

आणि एक सांगून ठेवतो, मी माफीबिफी मागायला आलेलो नाही. भांडायला आलोय. असं कुणी घर सोडून जातं का? एक शब्द नाही, आदळआपट नाही, चादरीची घडी केली, किल्ली मिठाच्या डबीखाली ठेवली आणि चालू पडला. माणूस आहात की फर्निचर? साखरेत मीठ घातलं ते मी, कबूल. तुमच्या कपाटात गजराची घड्याळं लपवली ती मी. तीन. एक बाराचं, एक दीडचं, एक बुटात कोंबलेलं, ते कितीचं लावलं होतं मलाच आठवत नाही. रात्रभर गोदामात खोकी उचलून आलेल्या माणसाला भर दुपारी उठवलं, हो, मी. आणि तुम्ही काय केलंत? तिन्ही घड्याळं स्वयंपाकघरात टेबलावर ओळीनं मांडून ठेवलीत, आणि एकाची बॅटरी संपत आली होती ती बदललीत. बदललीत, मिस्टर येबोआ. स्वतःच्या पैशानं. कोण करतं असं? दोन थोबाडीत दिल्या असत्यात तर मी तिथंच थांबलो असतो.

ती माझी खोली होती, तेवढं ध्यानात ठेवा. मला विचारलंसुद्धा नाही कुणी. एका शुक्रवारी शाळेतून आलो तर माझी गादी बैठकीत, माझे कपडे काळ्या पिशव्यांत, आणि आई म्हणते, एल्या राजा, थोडेच दिवस रे. थोडेच दिवस. सोफा आखूड, माझे पाय बाहेर, आणि समोरच्या खिडकीतून वारा. का? तर बँकेनं घराच्या कर्जावरचा व्याजाचा दर पाच वर्षं बांधून दिला होता, ती मुदत संपली. महिन्याला पाचशे वीस पौंडांचा हप्ता झाला सातशे नव्वद. घर तेच हो. एक वीट वाढली नाही, न्हाणीघराच्या छतातून जिथं गळायचं तिथंच गळतंय, फक्त हप्त्याला शिंगं फुटली. आईला चष्म्याच्या दुकानात मिळतात चौदाशे ऐंशी. बाबा राहतो त्या ट्रुडीकडं, गूल गावात, आठवण झाली तर शंभर पाठवतो, आणि त्याची आठवण म्हणजे — असो. तुमचे आठवड्याचे नव्वद आले की हप्त्याचं भोक बुजायचं, आणि वर जे उरायचं ते गॅसला. आई हा हिशेब फ्रिजवर चिकटवून ठेवायची. मी तो कधी वाचला का? नाही वाचला. दूध काढायला फ्रिज उघडायचो, हिशेब वाचायला नाही.

आता ते गॅसच्या हीटिंगचं. ते मात्र माझ्या गळ्यात मारू नका. मी शाळेत असायचो. भिंतीवरचं ते हीटिंगचं चाक, आईनं सतरा अंशांवर पेन्सिलनं खूण केलेली, त्याला हात लावायची माझी काय बिशाद. तुम्हाला माहितीये ती कशी आहे — दारातून आत आली की आधी खिडकीतल्या त्या मीटरच्या डबीकडं बघायची, आज गॅसला किती गेले, हिरवं की लाल, मग माझ्याकडं. तीन पौंडाला दिवस भागायचा, तो गेला नऊवर. लाल. रोज लाल. तिनं तरी कुणाला धरायचं? ती कामावर, मी शाळेत, मांजर चाकापर्यंत पोचत नाही असं म्हणाली ती, आणि आमच्याकडं मांजर नाहीच. तुम्ही घानाचे, उन्हातले, थंडी सोसत नसणार, म्हणून लावत असाल, असं धरून चालली. वर म्हणाली, मी तुमच्यावर आळ घेत नाहीये. म्हणजे घेतलाच की, आणि खोली सोडा म्हणाली. तुम्ही म्हणालात, मी लावलं नाही. एकदाच म्हणालात. अहो, पुन्हा म्हणायचं. ओरडायचं. टेबलावर हात आपटायचा. आमच्याकडं एकदा म्हटलेलं कुणी ऐकत नाही.

आणि वर ते पाकीट ठेवून गेलात. खरं सांगू, त्या पाकिटाचाच मला जास्त राग आलाय. वर एकच शब्द, 'गॅस', आणि आत सहासष्ट पौंड. आई म्हणाली, बघ एल्या, चोराच्या मनात चांदणं, केलं नसतं तर भरले असते का? त्या पैशांनी तुम्ही स्वतःच्या गळ्यात पाटी अडकवून गेलात. आता ती कुणी विचारलं की सांगते, माणूस शांत होता पण खोटारडा होता. खोटारडा. तुम्ही. ज्यानं माझ्या घड्याळाची बॅटरी — जाऊ दे.

पुढं काय झालं ते तुम्हाला कुठलं माहीत असणार. खोलीची जाहिरात दिली. दोघं आले, एकानं भिंतीवरची बुरशी बघितली, दुसऱ्यानं मला बघितलं, दोघंही गेले. आई आता पहाटे पाचला दाताच्या डॉक्टरकडं लादी पुसायला जाते, तिथून चष्म्याच्या दुकानात. परवा दारापुढं गाडी लावली आणि गाडीतच झोपली, हात स्टिअरिंगवर. मी काच वाजवली तर दचकून म्हणाली, किती वाजले, उशीर झाला का? दोन हप्ते थकलेत. गुरुवारी माणूस येणार आहे, खोल्या मोजायला. घर विकायचं. विकून जायचं कुठं? भाड्याच्या फ्लॅटला साडेआठशे सांगतायत. ऐकताय ना? बँक म्हणते, बाई, तुम्हाला सातशे नव्वद झेपत नाहीत, म्हणून जा आणि साडेआठशे भरा. मी गणितात तीनदा नापास झालोय, पण असलं गणित मीसुद्धा करत नाही. या लोकांच्या खुर्चीत मला बसवा एक दिवस, एक दिवस फक्त.

आणि हे सगळं तुमच्यामुळं. होय, तुमच्यामुळं. अकरा दिवस गप्प बसलात म्हणून. अकरा दिवस रोज सहा पौंड जास्त जातायत, रोज दुपारी सव्वाबाराला पाइप खडखडायला लागतात, रेडिएटरला हात लावला तर भाजेल, आणि तुम्ही त्या खोलीत पडून —

काय?

नाही, म्हणजे सव्वाबारा मी आपलं अंदाजानं म्हटलं. आईच बोलली असेल.

असं बघू नका.

नाही. आईला अकरा माहीत नाही. ती दोन आठवडे म्हणते. बिलावर तर दिवस नसतातच. अकरा कुणाला माहीत? लावणाऱ्याला. आणि — सहासष्ट. अकरा सख सहासष्ट. हे माझ्या डोक्यात काल रात्री आलं, सोफ्यावर, मी अजून सोफ्यावरच झोपतो, त्या खोलीत जात नाही, का ते विचारू नका. म्हणजे तुम्हीही मोजत होतात. जागे होतात तुम्ही. जेवणाच्या सुट्टीत मी मागच्या दारानं यायचो, बूट हातात घेऊन, आणि तुम्ही वर पडून ऐकायचात, जिना, चाक, दार. पहिल्या दिवसापासून. आणि आई समोर उभी राहून विचारत होती तेव्हा मी फ्रिजला टेकून टोस्ट खात होतो आणि तुम्ही माझ्याकडं एकदा बघितलंत. एकदाच. च्यायला, तेव्हा बोट दाखवायचं ना माझ्याकडं. का नाही दाखवलंत? मुलगा आहे म्हणून? मला नको होती तुमची दया. मला वाटलं होतं भांडण होईल, तुम्ही दुसरीकडं खोली बघाल, डेक्या अंडी खाईल, संपलं. चार खाल्ली त्यानं, पाचव्याला ओकला, आणि सगळे हसले, आणि मी पण हसलो.

मी लावत होतो. झालं? ऐकलंत? अकराही दिवस मीच. खिडक्या उघडून.

आता बोला काहीतरी. नव्या जागी आठवड्याला किती घेतात तुमच्याकडून? सव्वाशे? एका खोलीत दोघं? मग चला ना परत. खोली तशीच आहे, मी घड्याळं काढलीत, चादर पण — हो, माहितीये तिनं जायला सांगितलं. माहितीये ती तुम्हाला दारात उभं करणार नाही. म्हणून तर — नाही. मी तिला सांगायचं? ते नाही जमणार. तुम्ही सांगा तिला. तुमचं ती — नाही ऐकणार, हो. तुम्ही खोटारडे ना.

द्या तो फोन. माझ्यात बॅलन्स नाही.

असं बघत राहू नका हो माझ्याकडं, तिकडं मशीनकडं बघा.

आई? मी. एल्या. नाही, कुणाला काही झालेलं नाही. लाँड्रीत. त्यांचाच फोन आहे, हो, त्यांचा. ओरडू नको, आधी ऐक. आई, ऐक ना. ते गॅसचं — ते त्यांनी नव्हतं केलं.

मी केलं.

हो. मीच.