दारातला सागवानी ओटा

सोडून जायच्या घराला कुणी तेल लावतं का हो? राजधानी ग्वाल्हेरहून भोपाळला हलली, तशी माझ्या वडिलांची, म्हणजे नानांची, कचेरीही तिकडे गेली. निघायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही सामान बांधत होतो, आणि नाना दारासमोरच्या सागवानी फळ्यांच्या ओट्याला अळशीचं तेल चोळत बसले. एकेक फळी त्यांनी स्वतः बसवली होती.

आई म्हणाली, "अहो, उद्या जायचंय. आता कुणासाठी?"

"दर दिवाळीला लावतो. राजधानी बदलली, फळ्या त्याच आहेत ना?"

शेजारच्या काकी भिंतीवरून म्हणाल्या, "भैयाजी, ये कल तक सूखेगा?"

नानांनी दुसरा हात मारला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओटा ओलाच होता. नाना कुणाला पाय ठेवू देईनात, म्हणून आम्ही ट्रंका-वळकट्यांसकट मागच्या दाराने, काकींच्या स्वयंपाकघरातून ग्वाल्हेर सोडलं.